प्रयोगशाळेतला मास्क वायू अडवत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पीयूसी दुसऱ्या वर्षाची, म्हणजे बारावीची, प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कॉलेजांत सॉल्ट अ‍ॅनालिसिसची (दिलेला क्षार कोणता ते ओळखण्याच्या प्रयोगाची) धांदल उडते. कोरोनापासून बरीच मुले प्रयोगशाळेत मास्क लावून येतात. काळजी घेतात हे चांगलेच. पण मास्क आहे म्हणजे वाफांची भीती नाही, असा समज मुलांत आणि पालकांतही आढळतो. तो धोक्याचा आहे, म्हणून हे पत्र.

सर्जिकल मास्क असो वा एन-९५, तो कणांसाठी आहे. एन-९५ हा ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण वायू त्यातून सरळ आत येतो. नायट्रेट ओळखण्याच्या चाचणीत तांब्याचा कीस टाकल्यावर उठणारा तपकिरी धूर, क्लोराइडवर तीव्र सल्फ्युरिक आम्ल टाकल्यावर निघणारा हायड्रोजन क्लोराइड, अमोनिया, यांपैकी काहीच थांबत नाही. उलट श्वासाने ओलसर झालेल्या मास्कमध्ये हायड्रोजन क्लोराइड आणि अमोनिया विरघळून नाकापाशीच राहतात. हायड्रोजन सल्फाइड तर सर्वांत फसवा. त्याचे प्रमाण वाढले की कुजक्या अंड्यांचा तो वास नाकाला कळेनासाच होतो, आणि मुलांना वाटते, वायू गेला. या सगळ्यावर उपाय एकच: चालू फ्यूम कपबोर्ड (वाफा बाहेर ओढून नेणारे बंदिस्त कपाट), एक्झॉस्ट पंखा आणि उघड्या खिडक्या. आपल्या भागातल्या एका कॉलेजात फ्यूम कपबोर्डमध्ये जुन्या बाटल्या रचून ठेवलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. फार वाईट वाटले.

मास्कचा खरा उपयोग पूड तोलताना आणि खलात घोटताना होतो. पण तोच मास्क मग खिशात जातो आणि संध्याकाळी बसमध्ये तोंडावर चढतो. लेड नायट्रेट, बेरियम क्लोराइड अशी विषारी रसायने हाताळलेली बोटे त्याला लागलेली असतात! म्हणून प्रयोगशाळेचा मास्क वेगळा असावा. तो नाव घातलेल्या कागदी पाकिटात तिथेच ठेवावा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओल राहते. एन-९५ धुऊ नये, त्यावर सॅनिटायझरही मारू नये. त्याच्या थरातला स्थिर विद्युतभार जातो आणि कण अडेनासे होतात. मास्क ओला झाला, डागाळला, इलॅस्टिक सैल पडले, की टाकून द्यावा. आम्लाचा थेंब उडाला तर क्षणभरही तोंडावर ठेवू नये. हनुवटीखाली लोंबता मास्क घेऊन बर्नरवर वाकणेही बंद व्हायला हवे, कारण ते कापड म्हणजे वितळणारे प्लास्टिकच आहे.

पदवीपूर्व शिक्षण खात्याने प्रत्येक कॉलेजातला फ्यूम कपबोर्ड चालू आहे का, हे तपासावे आणि या सूचना कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही भाषांत भिंतीवर लावाव्यात. पालकांनीही कॉलेजात जाऊन विचारावे. आणि हे परीक्षेच्या आधी व्हावे, कारण त्या दिवशी अख्खी बॅच एकाच खोलीत, एकाच वेळी आम्ल तापवत असते.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त व्याख्याता,
खानापूर, जि. बेळगाव