हसला म्हणजे पटले असे नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘तुम्हाला विनोदच कळत नाही’ हे वाक्य अलीकडे वादात इतक्या सहजपणे फेकले जाते, की ज्याची थट्टा झाली त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते. भिन्न भाषेच्या, धर्माच्या, वयाच्या किंवा राजकीय मतांच्या माणसांनी एकमेकांची फिरकी घ्यावी, याच मताचा मी आहे; ती घेणे थांबले की बोलणेही लवकरच थांबते. मात्र समोरच्याचे हसणे म्हणजे त्याची संमती, असे आपण परस्पर ठरवून टाकतो, आणि त्याविषयीच हे पत्र आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात एक परभाषक सहकारी रुजू झाला. त्याला ‘ळ’ उच्चारता येत नसे, त्यामुळे ‘वेळ’चे ‘वेल’ होई. बैठक लांबली की कोणीतरी हमखास ‘वेल संपली’ म्हणे आणि हशा पिके. तो हसे, मीही हसत असे. दोनेक महिन्यांनी तो आपले मुद्दे कागदावर लिहून आणू लागला आणि शेजाऱ्याला वाचायला देऊ लागला. असा एक कागद माझ्या हाती आला, तेव्हा त्यात प्रत्येक ठिकाणी ‘वेळ’ खोडून ‘अवधी’ लिहिलेले दिसले. हसण्यावारी नेलेली गोष्ट त्या माणसाने किती मनाला लावून घेतली होती, हे मला त्या खाडाखोडीवरून कळले.

रॉबर्ट प्रोव्हाइन या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकाने लोकांच्या रोजच्या संभाषणातील हसण्याचे 1,200 प्रसंग नोंदवले, तेव्हा हसण्याआधीच्या वाक्यांपैकी जेमतेम 10 ते 20 टक्के वाक्ये विनोदी म्हणता येण्याजोगी निघाली. बाकीचे हसणे नाते सांभाळण्यासाठी, अवघडलेपण झाकण्यासाठी, चारचौघांत वेगळे पडू नये म्हणून होते, असेच त्यावरून म्हणावे लागते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सांगितलेला जपानमधील भाषणाचा अनुभवही बोलका आहे. त्यांच्या छोट्याशा विनोदावर सभागृह खळखळून हसले. नंतर दुभाष्याकडे चौकशी केली तेव्हा कळले, की ‘कार्टर यांनी विनोद सांगितला आहे, सर्वांनी हसावे’ एवढेच त्याने श्रोत्यांना सांगितले होते.

थट्टा निकोप आहे की नाही, हे मग हशावरून न ठरवता उलट थट्टेवरून ठरवावे, असे मला वाटते. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी 1940 मध्ये थट्टेच्या नात्यांवर लिहिताना नेमका हाच भेद केला होता: एका प्रकारात दोघेही एकमेकांची चेष्टा करतात, दुसऱ्यात एकच करतो आणि दुसरा ती निमूटपणे सोसतो. नायजर देशात वेगवेगळ्या समाजांमध्ये अशी परस्पर थट्टेची परंपरा आजही पाळली जाते आणि 2014 मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथे चिमटा काढण्याचा हक्क दोन्ही बाजूंना असतो, म्हणून तो टोचत नाही. संख्येने, पदाने किंवा भाषेने वरचढ असलेल्यांनी एकाच माणसाला रोज लक्ष्य केले, तर थट्टेची टवाळी आणि मस्करीची कुस्करी व्हायला फारसे दिवस लागत नाहीत.

आमच्याकडे ही गोष्ट फक्त एका ज्येष्ठ सहकारी बाईंना उमगली. त्यांनी त्याच्याकडून त्याच्या भाषेतली चार वाक्ये शिकून घ्यायला सुरुवात केली. त्यांची जीभ अडखळली की तो मनमुराद हसे, त्यांच्या उच्चारांची हुबेहूब नक्कल करी, आणि त्या पुन्हा प्रयत्न करीत. त्यांच्याशी बोलताना तो बिनदिक्कत ‘वेल’ म्हणत असे. आमच्या बैठकांना मात्र बदली होईपर्यंत तो कागद घेऊनच आला.

आपला,
एक नियमित वाचक