अपघातानंतर घटलेली गाडीची किंमत: मागायची की सोडायची?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सुरू झाला की राष्ट्रीय महामार्ग ६६ वरच्या धडकांच्या बातम्या आपल्या दैनिकात वारंवार येतात. बातमीच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते, ‘दोन्ही वाहनांचे नुकसान झाले.’ गॅरेजचे बिल विमा कंपनीने भरले की हे नुकसान भरून निघाले, अशी बहुतेक गाडीमालकांची समजूत असते. दोन-तीन वर्षांनी गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक लाखभर कमी सांगते, आणि तेव्हा हात बांधलेले असतात, कारण भरपाई मागण्याची मुदत केव्हाच उलटलेली असते. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी किंमत का घटते ते पाहू. गिऱ्हाईक केवळ वहिमाने भाव पाडते असे नाही. बंपर, फेंडर, बॉनेट, दरवाजा हे बोल्टवर बसणारे भाग. ते बदलले तरी गाडीचा सांगाडा शाबूत राहतो. पण मागून जोरात धडक बसली आणि डिकीचा तळ किंवा क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) कापून नवे वेल्ड करावे लागले, किंवा पुढून बसून ॲप्रन (बॉनेटखालचा, पुढच्या चाकाजवळचा आतला पत्रा) आणि चॅसिसचा दांडा ओढून सरळ करावा लागला, तर गोष्ट वेगळी. कारखान्यात सगळी बॉडी गंजरोधक रंगाच्या टाकीत बुडवून काढतात, त्यामुळे पोकळ भागांच्या आतही थर बसतो. गॅरेजमध्ये वेल्ड केलेल्या सांध्याच्या आत तो थर जळून जातो आणि बाहेरून कितीही चांगला रंग मारला तरी आत पुन्हा चढत नाही. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस नेमका तिथून आत शिरतो. जाणता दलाल म्हणूनच डिकीतली चटई उचलतो, स्टेपनी काढून खालचा पत्रा आणि सीलंटची रेघ बघतो. कारखान्याची रेघ एकसारखी असते, हाताने भरलेली जाड-बारीक होते. फेंडरच्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग तुटला आहे का, हेही तो बघतो. मग रंगाची जाडी मोजायचे मीटर लावतो. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, पुट्टी असेल तर आकडा ५०० च्या पुढे जातो. दुरुस्ती कितीही सुबक असली तरी ती लपत नाही.

ही घट आपली स्वतःची विमा कंपनी देत नाही. सर्वंकष पॉलिसीच्या वगळलेल्या बाबींत परिणामी नुकसान आणि घसारा हे शब्द स्पष्ट छापलेले असतात. इथे एक गैरसमज फार पसरला आहे. ‘झिरो डेप’ घेतले आहे, म्हणजे किंमत घटली तरी पैसे मिळतील, असे अनेकांना वाटते. झिरो डेप फक्त बदललेल्या सुट्या भागांवरचा घसारा माफ करते. ते नसेल तर प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर यांवर ५० टक्के आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात होते, म्हणजे १२ हजारांच्या बंपरमागे ६ हजार तुमच्या खिशातून. ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ तर गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी ठरली तरच उपयोगी. दुरुस्त होऊन आलेल्या गाडीची बाजारातली घट यातले काहीच भरून देत नाही.

मार्ग उरतो तो चूक करणाऱ्या दुसऱ्या वाहनाच्या थर्ड पार्टी विम्याचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६५ नुसार तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. तो कुणाला फक्त जखमी किंवा मृतांसाठीचा वाटत असेल तर ते चूक आहे. कलम १६८ ‘न्याय्य’ भरपाई म्हणते. त्यात मूल्यघटीचे कोष्टक नाही, म्हणून सगळा भार पुराव्यावर. ग्राहक आयोगाकडे जाऊन उपयोग होत नाही, कारण दुसऱ्याच्या विमा कंपनीचे तुम्ही ग्राहक नसता.

आता हिशेब. अपघातापूर्वी बाजारात ८ लाखांना गेली असती अशी दोन वर्षांची, १८ हजार किलोमीटर चाललेली गाडी घेऊ. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एका खटल्यात विमा कंपनीला मूल्यघट मोजून द्यायला लावली, आणि त्यातून एक सूत्र रूढ झाले. गाडीच्या किमतीचे १० टक्के ही कमाल, तिला नुकसानीच्या तीव्रतेने (सांगाड्याला जबर इजा १, मोठे नुकसान ०.७५, मध्यम ०.५०, किरकोळ ०.२५) आणि मग चाललेल्या अंतराच्या गुणकाने (अंतर कमी असेल तर १, वाढले की ०.८ असा घटत जाणारा) गुणायचे. आपल्या गाडीला क्वार्टर पॅनेल कापावे लागले असेल तर ८० हजार गुणिले ०.७५, म्हणजे ६० हजार. तीच गाडी ५५ हजार किलोमीटर चाललेली आणि फक्त बंपर-फेंडर बदललेली असेल तर ८० हजार गुणिले ०.२५ गुणिले ०.८, म्हणजे १६ हजार. आपल्या न्यायाधिकरणावर हे सूत्र बंधनकारक नाही आणि विमा कंपन्यांच्या सोयीचे म्हणून त्यावर तिकडेही टीका होते. पण लढायचे की नाही हे घरी बसून ठरवायला ते पुरते. १६ हजारांसाठी वकील, मूल्यांकनाचा अहवाल आणि तारखा यांत पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दाव्यात फक्त मूल्यघट धरू नका. विम्यातून कापलेला घसारा, दाव्यात तुम्ही स्वतः भरलेली सक्तीच्या वाट्याची रक्कम (१५०० सीसीपर्यंत १ हजार, त्यावर २ हजार), गॅरेजमध्ये गाडी असताना केलेला प्रवासखर्च हेही धरा. गेलेला नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मोजून ठेवा. ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता १० हजार आणि बोनस ५० टक्के असेल, तर एका दाव्याने तो शून्यावर येतो आणि पुढे २०, २५, ३५, ४५ असा चढतो. हप्ता तोच धरला तर पाच नूतनीकरणांत ५ हजार, ३ हजार, अडीच हजार, दीड हजार आणि ५०० असे एकूण साडेबारा हजार जादा जातात. बोनसची रक्कम न्यायाधिकरण मान्य करीलच असे नाही, तरी निर्णय घेताना ती डोळ्यांपुढे हवी.

सोडून द्यावे असे प्रसंग बरेच आहेत. गाडी आठ-दहा वर्षांची, लाखभर किलोमीटर चाललेली, आधी एकदा ठोकलेली, किंवा ती मोडीत निघेपर्यंत तुम्हीच वापरणार असाल, तर दावा पेलण्यासारखा नसतो. दोघांचीही चूक असेल तर तेवढा टक्का कापला जातो. समोर दुचाकी असेल तर तिच्या पॉलिसीत मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साधारणतः १ लाख असते, मोटारीला साडेसात लाख. हप्ता वाचवण्यासाठी मालकाने ही मर्यादा ६ हजारांवर आणलेली असेल, तर वरची रक्कम त्याच्याकडूनच वसूल करावी लागते, आणि तिथे अनेकदा काही हाती लागत नाही.

लढायचे ठरले तर पहिले आठ दिवस सर्वांत मोलाचे. दुसऱ्या वाहनाच्या क्रमांकावरून त्याची विमा कंपनी आणि पॉलिसीची मुदत एम-परिवहन ॲपवर दिसते, त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. गाडी उघडण्यापूर्वी आणि उघडल्यानंतर आतल्या पत्र्याचे, ओडोमीटर दिसेल असे फोटो काढा. चॅसिसची मापे संगणकावर घेत असतील तर दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद मागा. भागांच्या क्रमांकांसह जॉब कार्ड, अंतिम बिल आणि सर्व्हेअरच्या (नुकसान तपासून ठरवणाऱ्याच्या) अहवालाची प्रत लेखी अर्ज करून घ्या. कापलेला पत्रा गॅरेज भंगारात घालते, तो राखून ठेवायला आधीच सांगा. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या दोघा-तिघांकडून त्याच मॉडेलचा, त्याच वर्षाचा, अपघातमुक्त आणि अपघातग्रस्त असा दुहेरी भाव लेटरहेडवर घ्या. परवानाधारक सर्व्हेअरचा स्वतंत्र मूल्यांकन अहवाल घेणार असाल तर तो साक्षीला उभा राहणार का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा. नुसता कागद उलटतपासणीत टिकत नाही.

दावे बुडतात ते मात्र बहुतेक वेळा दोन सह्यांमुळे. पहिली पोलीस ठाण्यात होते. वाद नको म्हणून ‘आमची परस्परांविरुद्ध कोणतीही तक्रार नाही’ असा कागद दोघे देतात, आणि पुढे समोरची कंपनी तोच दाखवते. तडजोड करायचीच असेल तर ‘दुरुस्ती आणि मूल्यघटीच्या भरपाईचा हक्क राखून’ एवढे शब्द त्यात घालून घ्या. दुसरी सही आपल्याच विमा कंपनीच्या पावतीवर होते. ‘संपूर्ण व अंतिम’ असे लिहून पैसे घेतले की तुमचे नुकसान पूर्ण भरून निघाले, हा आक्षेप ठरलेलाच. ‘फक्त पॉलिसीखालील दुरुस्तीपोटी’ असे लिहून सही करा, आणि कंपनी ऐकत नसेल तर त्याच दिवशी ई-मेलने कळवून ठेवा.

मुदतीचे विसरू नका. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यातील दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करणे बंधनकारक केले आहे. त्याविरुद्ध न्यायालयात आव्हाने असली तरी त्यांच्या भरवशावर राहू नये. आधी समोरच्या मालकाला आणि कंपनीला स्पीड पोस्टाने आकडेवार मागणी पाठवा. दावा दाखल झाल्यावर तो लोकअदालतीत ठेवण्याची विनंती करता येते. ४०-६० हजारांच्या प्रकरणात तिथे मिळणारी निम्मी-पाऊण रक्कम आम्ही तरी नाकारू नये असेच सांगू.

गोव्यात आणखी एक अडचण आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची गाडी पर्यटक चालवत असतो आणि दोन दिवसांत तो परराज्यात निघून जातो. त्याच्या परवान्याचा आणि भाडेकराराचा फोटो जागेवरच घ्यावा लागतो. विमा गाडीचा असतो, त्यामुळे गाडीमालक आणि त्याची कंपनी इथेच सापडतात, आणि कलम १६६ प्रमाणे अपघात जिथे झाला किंवा दावेदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणात जाता येते. मुंबई-बंगळूरला खेटे घालायची गरज नाही.

आमची पोलीस खात्याकडे एकच विनंती आहे. कुणी जखमी नसले तरी पंचनाम्यात ‘गाडीचे नुकसान’ एवढेच न लिहिता कोणती बाजू, कोणते भाग चेपले, चाक आणि दरवाजा नीट फिरतो-बसतो का आणि ओडोमीटरचा आकडा किती, या चार गोष्टी लिहाव्यात आणि त्याची प्रत दोन्ही पक्षांना मागताच मिळावी.

आपले,
मोटार नुकसानीच्या मूल्यांकनाचे काम करणारे काही वाचक,
फोंडा