बाहेरून पॉलिश, आत साधे सिमेंट : फायरप्लेस दुरुस्तीच्या निकृष्ट कामाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
पुणे कार्यालय.

विषय : पन्हाळा येथील बंगल्यातील फायरप्लेसच्या स्मोक चेंबरचे काम नव्याने करून मिळण्याबाबत.

महोदय,

गेल्या मे महिन्यात आपल्या कंपनीने आमच्या पन्हाळ्यावरील जुन्या बंगल्यातील फायरप्लेसची दुरुस्ती केली. त्यातल्या दर्शनी भागाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. जांभ्याच्या कमानीचे सांधे नीट भरले आहेत, वरची सागवानी फळी अशी चकचकीत केली आहे की येणारा-जाणारा तिच्यावरून हात फिरवतो. तक्रार आहे ती कमानीच्या वर, नजर पोचत नाही तिथल्या कामाची. बिलातली सर्वांत मोठी रक्कम नेमकी तिथलीच आहे : 'स्मोक चेंबर दुरुस्ती व रिफ्रॅक्टरी मालाचा लेप, 46,000 रुपये'.

काम घेताना आपल्या इंजिनिअरनी जे समजावून सांगितले ते बरोबरच होते, म्हणून त्याचीच आठवण करून देतो. डँपरच्या, म्हणजे धुराच्या वाटेवरच्या झडपेच्या वर, जिथे फायरप्लेसची रुंद पोकळी निमुळती होत धुराड्याच्या नळीला मिळते, तिथे, म्हणजे स्मोक चेंबरमध्ये, जुन्या गवंड्यांनी एकेक वीट थोडी पुढे काढून आतून पायऱ्या केल्या आहेत. धूर या पायऱ्यांवर अडखळतो, निवतो आणि डांबरासारखी चिकट काजळी तिथे साचते. ती कधी पेटली तर आतले तापमान 1000 अंशांच्या वर जाऊ शकते. विटांचे सांधे उघडे असतील, तर ती धग थेट छपराच्या वाशांपर्यंत पोचते. आमच्याकडे सांधे भुसभुशीत झालेलेच होते, दोन विटा निखळून खाली आल्या होत्या. म्हणून सैल विटा काढून फायर ब्रिक, म्हणजे जाळ सोसणाऱ्या विटा, बसवायच्या आणि पायऱ्या बुजतील असा निदान अर्धा इंच जाडीचा, उष्णता सोसणारा म्हणजेच रिफ्रॅक्टरी, गुळगुळीत लेप आतून द्यायचा, असे ठरले. कोटेशनमध्येही हेच लिहिले आहे.

प्रत्यक्षात काय झाले?

जुलैत गडावर धुके उतरले तेव्हा पहिला जाळ केला. थोड्याच दिवसांत जाळीवर राखेबरोबर करड्या पापड्या पडू लागल्या. दिवाळीनंतर तर बोटाच्या पेरांएवढे तुकडे पडायला लागले. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत भट्टीचे लायनिंग करण्यात हयात घालवलेले आमचे एक शेजारी आहेत, त्यांना मी वर घेऊन गेलो. त्यांनी बॅटरी आणि मोबाईल आत धरून फोटो काढले. पडलेली पापडी दोन बोटांत चुरडली, तिचे पीठ झाले. ते म्हणाले, "ह्यो तर घराला गिलावा करायचा माल हाय की ओ!" फोटोत पायऱ्या जशाच्या तशा दिसतात. त्यांच्यावर सिमेंटचा हात फिरवला आहे, तोही खालून पोचेल तेवढाच. वरच्या तीन थरांना कुणी शिवलेलेसुद्धा नाही. फायर ब्रिक एकही नाही.

यावर आपले म्हणणे काहीही असले, तरी आपल्याच माणसांनी मागच्या पडवीत ठेवून गेलेली अर्धी गोणी माझ्याकडे आहे. तिच्यावर ठळक अक्षरात पीपीसी छापले आहे, म्हणजे स्लॅब आणि गिलाव्याला वापरतात ते साधे सिमेंट. असे सिमेंट 400 ते 500 अंशांच्या पुढे तापले की त्यातल्या चुन्यात बांधलेले पाणी निघून जाते. नंतर ओल लागली की तोच चुना पुन्हा पाणी पितो, फुगतो आणि लेप फुटतो. पन्हाळ्यावर ओल किती असते हे सांगायला नको. म्हणून तर अशा जागी उष्णता सोसणाऱ्या हाय अॅल्युमिना सिमेंटचा माल वापरतात. आणि ही काही दुर्मिळ वस्तू नव्हे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना भट्टीसाठी असा माल रोज लागतो. पुण्याहून आणायला जड जात होते, तर इथे कुणालाही विचारले असते तरी दुकान दाखवले असते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. लेप देताना खाली सांडलेला माल कुणी काढलाच नाही. तो डँपरच्या मागच्या कट्ट्यावर पडून तसाच दगडासारखा घट्ट झाला आहे. त्यामुळे डँपरची दांडी ओढली की अर्ध्यावर 'टक्' आवाज होतो आणि झडप तिथेच अडते. पूर्वी धूर सरळ वर जायचा, तो आता खोलीत येतो. छत पिवळे पडले आहे आणि आईला तिथे बसवत नाही. डोळे झोंबतात तोवर निदान कळते तरी. कार्बन मोनॉक्साईडला तर वासही नसतो. दुरुस्तीआधी काजळी होती, आता धूर घरात आहे. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

फोनवर मिळालेली उत्तरेही नोंदवून ठेवतो. "लाकूड ओले असेल." लाकूड बाभळीचे आहे, वर्षभर गोठ्यात सुकलेले. "एखादी खिडकी उघडी ठेवा." कौलारू घर आहे, त्याला वाऱ्याची ददात नाही, आणि गडावरच्या थंडीत खिडकी उघडून बसायचे, तर शेकायचे कशाला? तिसरे उत्तर मला सर्वांत आवडले : "उष्णतेने तडे जाणे ही नैसर्गिक झीज आहे, ती वॉरंटीत येत नाही." जाळाच्या जागी दिलेला लेप जाळाने फुटला तर ती झीज, मग वॉरंटी नेमकी कशाची? पॉलिशची? वरून कीर्तन आतून तमाशा, दुसरे काय!

माझी मागणी अशी. आताचा सगळा लेप खरवडून काढावा, मागचा कट्टा साफ करून डँपर मोकळा करावा, सैल विटांच्या जागी फायर ब्रिक बसवून कोटेशनप्रमाणे रिफ्रॅक्टरी लेप पूर्ण उंचीपर्यंत द्यावा. गोण्या माझ्यासमोर फोडाव्यात. काम झाल्यावर आतले फोटो द्यावेत आणि माझ्या उपस्थितीत धूर सोडून चाचणी घ्यावी. लेप पुरता वाळू द्यावा, पहिले जाळ बारीक ठेवावेत, हे मला ठाऊक आहे. त्याची घाई मी करणार नाही. हे जमणार नसेल, तर 46,000 रुपये परत करावेत, मी इथल्या माणसांकडून करून घेईन. छताच्या रंगाचा खर्च दोन्ही परिस्थितींत आपला.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सेवेतील त्रुटीबद्दल कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. या कायद्याने ग्राहक राहतो तिथे दाद मागता येते, त्यामुळे 'पुण्याला या' हे उत्तर आता चालणार नाही. बिल, कोटेशन, वॉरंटी कार्ड यांच्या प्रती आणि फोटो सोबत जोडले आहेत. गोणी आणि पापड्या माझ्याकडे जपून ठेवल्या आहेत, आपल्या माणसाने येऊन पाहाव्यात.

पाहणीला येणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, किल्ली कोल्हापुरात माझ्याकडे असते. शनिवार-रविवार टाळा, गडावर गाड्यांची रीघ असते. आणि शिडी लांब आणा, मागच्या वेळी ती पुरली नव्हती असे काम पाहून वाटते.

आपला,
एक ग्राहक
कोल्हापूर