अजिंक्यताऱ्याला वणवा लागण्याआधी वर या

सातारकरहो, सप्रेम नमस्कार.

माघ सरत आला की किल्ल्याच्या उतारावरचं गवत वाळून कोरडं ठाक होतं. मग एखाद्या संध्याकाळी शहरातून वर बघावं, तर डोंगरावर लाल रेघ सरकताना दिसते. ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, कारण वणवा चढावर झपाट्यानं पळतो. भेकर, ससा कसाबसा निसटेल. टिटवी, रातवा, चंडोल ही जमिनीवर अंडी घालणारी पाखरं काय करणार? टिटवीची अंडी तर उघड्या मुरमावर, खड्यांसारखीच दिसणारी. आग विझल्यावर ती काळी पडलेली सापडतात.

हे वणवे बहुतेक माणसाच्या हातचेच. विझवायची राहिलेली विडी, रात्रीच्या पार्टीतली चूल, नाहीतर ‘जाळलं की पुढच्या साली गवत जोमानं येतं’ हा समज. जोमानं येते ती कुसळी. गुरं आवडीनं खातात तो मारवेल आणि पवन्या दरसालच्या आगीनं मागे पडतात, आणि उघडी पडलेली माती पहिल्या वळवात ओढ्याला लागते. पावसाळ्यात आपण हौसेनं लावलेली रोपंही यातच जातात.

यावर चांगला उपाय म्हणजे जाळरेषा. रस्त्याच्या आणि पायवाटांच्या कडेचं गवत पट्ट्यानं कापायचं, पालापाचोळा झाडून काढायचा, म्हणजे आग सहसा पलीकडे उडी मारत नाही. काम सोपं आहे, पण हात पुष्कळ लागतात. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी 1700 साली औरंगजेबाच्या वेढ्यात महिनोन् महिने झुंजवलेला हा किल्ला. त्याच्या तटाची डागडुजी तुमच्या-आमच्या हातात नाही. उतारावरचं गवत कापणं आहे.

होळीपर्यंत दर रविवारी सकाळी साडेसहाला महादरवाज्यापाशी जमू. वनरक्षकांच्या देखरेखीखालीच काम होईल. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि जाड तळाचे बूट घालून या, कुसळं पायात फार शिरतात. लहान मुलांना कापणीला नको, पाणवठ्यांच्या कामाला जरूर आणा.

किल्ल्यावरची तळी उन्हाळ्यात आटतात, म्हणून मोरांसाठी आणि इतर जिवांसाठी उथळ पाणवठे भरावे लागतात. त्यांचा काठ उतरता ठेवतो आणि आत दगड टाकतो, म्हणजे पडलेली खार किंवा सरडा चढून बाहेर येतो.

आम्ही रोख पैसे घेत नाही. विळे, कोयते, दाताळी, खराटे, चामडी हातमोजे, पाण्याचे कॅन द्या. कुणाकडे पालापाचोळा उडवणारा पाठीवरचा ब्लोअर असेल तर तो हंगामापुरता द्या. पाण्याच्या टँकरची एखादी खेप उचललीत तर फार मोठी मदत होईल.

यायला जमणार नसेल तर निदान नजर ठेवा. धूर दिसला की लगेच वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा आणि जागा नेमकी सांगा: चार भिंतीकडची बाजू, गोडोलीकडची की दक्षिण दरवाज्याखालची. एकट्यानं विझवायला जाऊ नका.

आपले,
किल्ल्यावर रोज चढणारे माची पेठ, शाहूनगर व गोडोली परिसरातील कार्यकर्ते