रोजा जिभेचा पण असतो

मा. संपादक साहेब,
सलाम आणि नमस्कार.

रमजान लागला की तुमच्या पेपरात शिरखुर्म्याची रेसिपी येते, खजुराचे भाव येतात, इफ्तारच्या बाजाराचे फोटो येतात, आमच्या घरी सगळे आवडीने बघतात. पण एक गोष्ट कधी छापून आलेली बघितली नाही म्हणून लिहितोय. गिऱ्हाईक मला विचारतात, चाचा दिवसभर पाणी पण चालत नाही का हो? मी सांगतो, पाण्याचं काही नाही, दोन-चार दिवसांत सवय होते, तोंड सांभाळणं अवघड. बुखारी शरीफ या ग्रंथात हदीस, म्हणजे पैगंबर साहेबांचं वचन, आहे की जो खोटं बोलणं आणि तसं वागणं सोडत नाही त्याच्या खाणंपिणं सोडण्याची अल्लाहला काही गरज नाही. आणि रोजात कोणी शिवी दिली किंवा भांडायला आला तर एवढंच म्हणायचं, माझा रोजा आहे.

मी टेलर आहे, अब्बा पण टेलरच होते. फिटिंग करताना टाचण्या ओठांत धरायचे त्यामुळे बोलायचा प्रश्नच नसायचा, पण टाचण्या काढल्या तरी ते गप्पच. टेलरच्या दुकानात गावाची सगळी खबर येते, कोणाची सून माहेरी गेली, कोणाचं कर्ज थकलं, आणि अब्बा मान खाली घालून काज करत बसणार, हूं नाही की चूं नाही. एकदा मी, असेन दहा-बारा वर्षांचा, एका गिऱ्हाईकाबद्दल बोललो की हा माणूस शिलाईचे पैसे कधी वेळेवर देत नाही. अब्बा म्हणाले गीबत करू नकोस. मी म्हटलं पण खरंच आहे की! तेव्हा त्यांनी समजावलं, खरं आहे म्हणूनच ती गीबत, खोटं असतं तर बोहतान झालं असतं, ते त्याहून वाईट. पाठीमागे असं काही बोलणं जे त्या माणसाला आवडणार नाही, ती गीबत, आणि कुरआनात सूरह हुजुरातमध्ये तिला मेलेल्या भावाचं मांस खाण्यासारखं म्हटलंय. त्या रात्री घरात मटण होतं, माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

पण याचा अर्थ मौनव्रत घ्या असा नाही, हा गैरसमज आमच्यातल्या लोकांचा पण असतो. पैगंबर साहेब (स.) खुतबा म्हणजे प्रवचन देत होते तेव्हा एक माणूस उन्हात उभा दिसला. विचारलं तर लोक म्हणाले याने नवस केलाय, बसणार नाही, सावलीत जाणार नाही, कोणाशी बोलणार नाही आणि रोजा ठेवणार. पैगंबर साहेब म्हणाले त्याला सांगा बोल, सावलीत ये, बस, आणि रोजा मात्र पूर्ण कर. म्हणजे नुसतं तोंड बंद ठेवण्यात पुण्य नाही. हदीसचे शब्दच आहेत, चांगलं बोला नाहीतर गप्प बसा, त्यात चांगलं बोलणं आधी येतं. जुलमी राजापुढे न्यायाची गोष्ट बोलणं याला तर श्रेष्ठ जिहाद म्हटलंय, तिथे गप्प बसणाऱ्याचं कौतुक नाही.

आता मोबाईलमुळे हे सगळं हातात आलंय. सहीह मुस्लिम या हदीसच्या ग्रंथात आहे की माणूस खोटा ठरायला एवढं पुरे की ऐकलेली प्रत्येक गोष्ट तो सांगत सुटला. फॉरवर्ड दुसरं काय असतं? पैगंबर साहेबांच्या पत्नी हजरत आयेशांवर मदिन्यात खोटा आळ घेतला गेला, महिनाभर तोंडातोंडी फिरत राहिला, मग कुरआनातल्या सूरह नूरच्या आयती म्हणजे वचनं उतरली, त्यात म्हटलंय की तुम्ही तिला साधी गोष्ट समजत होता, अल्लाहकडे ती फार मोठी होती. आणि ती फिरवणारे सगळे काही दुश्मन नव्हते, त्यांच्यात आपलीच, नमाजी माणसं पण होती.

हे सगळं माहीत असून मी चुकलो, तेच सांगायचंय. दोन वर्षांपूर्वी रमजानमध्येच आमच्या मोहल्ल्यातला भिशी चालवणारा माणूस आठ दिवस दिसेना, फोन बंद, कोणीतरी ग्रुपवर टाकलं की पैसे घेऊन पळाला. मी दुकानात बसलेल्या दोन गिऱ्हाईकांना ते सांगितलं, रोजा असताना, माप घेता घेता. तो बायकोला घेऊन दुसऱ्या शहरात दवाखान्यात होता. चाँदरातीला, ईदच्या आदल्या रात्री, तो आपला कुर्ता न्यायला आला, मी हात जोडून माफी मागितली, कारण गीबत अल्लाह माफ करेल पण ज्याची केली त्याने आधी माफ करायला हवं असं आम्हाला शिकवलंय. तो थोडा वेळ कुर्त्याची बटणं बघत राहिला. मग म्हणाला, भाई मी माफ केलं, पण ज्यांना सांगितलंत त्यांना पण सांगा की खोटं होतं.

एकाला दुसऱ्याच दिवशी घरी जाऊन सांगितलं. दुसरा बाहेरगावचा होता, पँटची उंची कमी करून घेऊन गेला, नाव-नंबर काही नाही, परत आला नाही. काम होईपर्यंत तो बाकावर बसून तुमचाच पेपर वाचत होता. संपादक साहेब, पत्र छोटं केलंत तरी चालेल, पण हा शेवटचा भाग कापू नका. त्याने वाचलं तर त्याला कळावं, त्या माणसाने कोणाचा एक रुपया घेतला नव्हता.

आपला,
एक टेलर, जि. सांगली