बालवाडीतल्या मुलांना श्रेणी नको, नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्ष संपत आलं की सांगली-मिरजेतल्या कितीतरी नर्सऱ्यांमधून चार वर्षांच्या मुलांची प्रगतिपत्रकं घरी येतात. भाषेत ‘अ’, अंकांत ‘ब’, वर्तनात ‘क’. त्याच संध्याकाळी ‘ब’चा ‘अ’ करायला घरात उजळणी सुरू होते. मूल नेमकं कुठे अडतंय आणि त्यावर बाईंनी काय केलं, हे मात्र त्या कागदावर कुठेच नसतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग मी बरीच वर्षं सांभाळला. अशा कागदाचा मला शिकवताना कधीच उपयोग झाला नाही.

एक ते वीस घडाघडा म्हणणाऱ्या मुलापुढे सात चिंचोके ठेवून पाहावं. बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे धावतं, सातचे नऊ होतात. त्याला अंक पाठ आहेत, मोजणं अजून आलेलं नाही. या वयात हे अगदी स्वाभाविक आहे. पण बाईंनी त्याच दिवशी वहीत दोन ओळी लिहिल्या, ‘चिंचोके मोजताना दोन जास्त मोजले, उद्या एकेक उचलून वाटीत टाकायला द्यायचे’, तर त्या मुलाचं पुढचं पाऊल ठरतं. रोज सगळ्या मुलांचं लिहायची गरज नाही. आज तिघांकडे नीट पाहावं, उद्या दुसऱ्या तिघांकडे. महिन्याभरात सगळा वर्ग डोळ्यांखालून जातो. आणि ‘हट्टी’, ‘मंद’ असली विशेषणं कटाक्षाने टाळावीत; जे दिसलं तेवढंच लिहावं. हाक मारल्यावर मूल वळून पाहत नाही, असं चार वेळा वहीत आलं तर आधी कान तपासायला हवेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. ती वही त्यांच्यापुढे ठेवली तर डॉक्टरांचंही काम सोपं होईल.

तीन ते सहा वयाच्या मुलांची चाचणी-परीक्षा घेऊ नये, त्यांचं निरीक्षण करावं आणि त्यांनी केलेलं काम पाहावं, असं २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात स्पष्ट म्हटलं आहे. तरीही श्रेणी चालू आहेत, कारण पालक त्या मागतात. पालकांनी, विशेषतः आजी-आजोबांनी, ‘कितवा नंबर?’ हा प्रश्न आता सोडून द्यायला हवा.

आपल्या जिल्ह्याचा आणखी एक प्रश्न आहे. जत तालुक्यात सीमेलगतच्या गावांत घरात कानडी बोलली जाते. असं मूल मराठी अंगणवाडीत गप्प बसलं की ‘भाषा विकास कमी’ असा शेरा पडतो. तेच मूल आईशी कानडीत मोठाली वाक्यं बोलत असतं! त्याला घरच्या भाषेत काय येतं, हे आईला विचारून लिहिल्याशिवाय ती नोंद खरी होतच नाही.

‘पहिले पाऊल’ अभियानात शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, मुलांची विकासपत्रं भरली जातात, माता गट जमतात. उपक्रम चांगला आहे, मी तो मनापासून मानते. पण मेळाव्याच्या गर्दीत बुजलेलं मूल स्टॉलसमोर तोंड उघडत नाही. अंगणवाडीच्या वर्षभराच्या नोंदी त्या विकासपत्राला जोडल्या, तर जूनमध्ये पहिलीच्या गुरुजींच्या हाती काही ठोस येईल. वाळवा-पलूस भागात उसाच्या हंगामात येणाऱ्या तोडणी कामगारांच्या मुलांचं तर पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपून कुटुंब गावाकडे परतलं, की सगळंच मागे राहतं. त्यांच्या नोंदींचा एक कागद आईच्या हाती द्यावा, म्हणजे गावाकडच्या ताईंना पुन्हा पहिल्यापासून चाचपडावं लागणार नाही.

हे सगळं लिहायचं कोणी? वजन-उंची, आहार वाटप, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरची माहिती आणि वरून येणारी सर्वेक्षणं यांतच सेविकाताईंचा दिवस जातो. त्यांच्यावर आणखी एक रजिस्टर लादलं तर तेही घाईघाईत भरलं जाईल. म्हणून जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाला विनंती आहे की, येत्या जूनपासून मुलं घरी गेल्यावरचा अर्धा तास फक्त या नोंदींसाठी राखून ठेवावा आणि त्या वेळेत सेविकांना दुसरं कोणतंही काम सांगू नये. सुरुवात जत तालुक्यापासून व्हावी.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, मिरज