‘कालेवाला’ गाणाऱ्यांचीही नावे छापा

महोदय,

मराठी भाषा गौरव दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, फिनलंडमध्ये ‘कालेवाला’ या राष्ट्रीय महाकाव्याचा दिवस साजरा होतो. सत्ता रशियाच्या झारची आणि सुशिक्षितांची भाषा स्वीडिश, अशा काळात एलियास ल्योनरोट या डॉक्टरांनी गावोगाव फिरून लोकगीते टिपून घेतली आणि ती एका कथेत गुंफून १८३५ मध्ये प्रसिद्ध केली. १८४९ च्या वाढीव आवृत्तीत ५० सर्ग आणि २२,७९५ ओळी झाल्या. या काव्याने फिनिश भाषिकांना जो आत्मविश्वास दिला, त्याबद्दल मला नितांत आदर आहे. मात्र ‘राष्ट्राने स्वतःची कथा सांगितली’ असे या ग्रंथाविषयी सरसकट म्हटले जाते, तेव्हा ती मुळात कोणी गायिली, हे सांगायचे राहून जाते.

ल्योनरोट यांना सर्वांत समृद्ध गीते मिळाली ती फिनलंडच्या सीमेपलीकडे, रशियातील व्हिएना कारेलिया (श्वेत समुद्राकडील कारेलिया) या प्रदेशात. तेथील लात्वायार्वी गावच्या आर्हिप्पा पेर्त्तुनेन या वृद्ध शेतकऱ्याने १८३४ मध्ये त्यांना चार हजारांहून अधिक ओळी गाऊन दाखवल्या. हे कारेलियन लोक ऑर्थोडॉक्स पंथाचे, त्यांची बोलीही वेगळी. पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकात ‘कारेलियाची जुनी गीते’ असा स्पष्ट उल्लेख होता. १८४९ मध्ये तो गेला. पुढे बृहत् फिनलंडचे, म्हणजे कारेलियासह विस्तारलेल्या फिनलंडचे, स्वप्न पाहणाऱ्यांनी याच काव्याचा दाखला देत कारेलियावर हक्क सांगितला, तर १९४९ मध्ये सोव्हिएत सत्तेनेही सोव्हिएत कारेलियाची राजधानी पेत्रोझावोद्स्क येथे त्याच्या वाढीव आवृत्तीची शताब्दी साजरी केली. दोन सत्तांनी आपापले म्हणून मिरवलेल्या या काव्याचे गायक मात्र बहुसंख्य वाचकांना आजही अनोळखी आहेत, याचे मला वाईट वाटते.

ही उणीव भरून काढता येते. फिनलंडचेच अभ्यासक लाउरी होन्को यांनी विवेक राय, चिन्नप्पा गौडा प्रभृतींच्या साहाय्याने कर्नाटकातील तुळू ‘सिरी’ महाकाव्य १९९८ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा गायक गोपाल नाईक यांचे नाव ग्रंथाच्या शीर्षकातच दिले. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करताना गाणाऱ्या बायकांची नावे आणि गावे नोंदवली, ती याच निष्ठेने.

आपल्या पुरवणीत परदेशी महाकाव्यांवर लेख येतील, तेव्हा ल्योनरोट यांच्याबरोबर पेर्त्तुनेन यांचेही नाव यावे, आणि ओव्यांचे नवे संग्रह काढणाऱ्या मराठी प्रकाशकांनी प्रत्येक ओवीखाली ती म्हणणारीचे नाव व गाव छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे